शाबूत मिशा

उंदराच्या मिशा हा शिकल्यासवरल्या माणसाने आयुष्य घालवावं असा विषय आहे, हे मी माझ्या आईला कधीच पटवून देऊ शकले नाही. "पोरगी डॉक्टर झाली म्हणून सगळ्या कॉलनीला पेढे वाटले," ती म्हणायची, "आणि करतीस काय, तर उंदराच्या मिशा ओढतीस!"

मी मिशा ओढत नाही, मिशांच्या मुळाशी जाते, असं मी शंभरदा सांगितलं. पण आईपुढे माझं कधी काही चाललेलं नाही. शेवटी मी नाद सोडला आणि मिरजेच्या आमच्या संस्थेत, मज्जातंतू विभागात, निमूटपणे उंदरांच्या गालांकडे बघत राहिले.

खरं सांगायचं तर उंदराची मिशी ही चीजच और आहे. त्याला डोळ्यांनी फारसं दिसत नाही. त्याचं सगळं जग मिशांवर चालतं. प्रत्येक मिशीचं मूळ रक्ताने भरलेल्या एका इवल्या पिशवीत रुतलेलं असतं आणि त्या पिशवीत शे-दोनशे मज्जातंतू शिरलेले असतात. मिशीचं टोक जरासं हललं तरी त्या तंतूंना पत्ता लागतो. हे तंतू गालातून मागे जातात. कवटीच्या तळाशी एक गाठ असते, तिथे त्यांच्या पेशी राहतात. तिथून संदेश मेंदूच्या देठात, मग बाजू बदलून पलीकडच्या अर्ध्यात, असा थेट मेंदूच्या सालीपर्यंत पोचतो. आणि तिथे खरी गंमत आहे. गालावर मिशा ज्या रांगांत उगवतात, त्याच रांगांत मेंदूत एकेका मिशीची एकेक वाटी मांडलेली असते. पंगत बसावी तशी. मिशी उपटली की वाटीला कळतं.

हा रस्ता शोधायचा तर पूर्वी मिशीच्या मुळाशी रंग टोचत, तो तंतूतून वर चढेपर्यंत थांबत, आणि मग उंदीर मारून त्याच्या मेंदूच्या पातळ चकत्या करत. आम्ही जो रंग तयार केला, त्याचं नाव 'माग'. तो कवटीच्या बाहेरून दिसतो. डोक्यावर टोप चढवला की पडद्यावर अख्खा रस्ता उजळतो, आणि काम झालं की उंदीर आपला परत पिंजऱ्यात दाणे खायला मोकळा. माझ्या सगळ्या संशोधनात आईला आवडलेली एवढी एकच गोष्ट.

*

पहिला धक्का चौथ्या पिंजऱ्याने दिला.

त्या पिंजऱ्यातल्या पाच उंदरांपैकी चौघांच्या नकाशात काही वाट्यांभोवती काजळी धरल्यासारखं दिसत होतं. मला वाटलं, रंगच खराब निघाला. माझा सहकारी इरफान बागवान मात्र पिंजऱ्यापाशी जाऊन बसला आणि बराच वेळ बघत राहिला. हा माणूस माझ्याहून वयाने लहान, पण उतावळेपणा त्याच्या अंगात नाही. तो माझ्या अंगात दोघांपुरता आहे.

"मॅडम, यांच्यात एक वस्तरा आहे," तो म्हणाला.

वस्तरा हा आमच्या प्रयोगशाळेतला शब्द. उंदीर एकत्र ठेवले की कधी कधी त्यातला एक दादागिरी करतो आणि बाकीच्यांच्या मिशा दातांनी कुरतडून टाकतो. रक्त नाही, आरडाओरडा नाही. मार खाणाराही मुकाट्याने गाल पुढे करून बसतो. कुरतडताना कुणी सापडत नाही, म्हणून तो ओळखायचा आमचा एक साधा नियम आहे: पिंजऱ्यात ज्याच्या मिशा शाबूत, तो वस्तरा.

पण या चौघांच्या मिशा पुन्हा उगवलेल्या होत्या. वरून बघितलं तर पाचही उंदीर सारखेच गुबगुबीत, सारखेच मिशाळ. फरक फक्त आत होता. वारंवार दुखावलेल्या तंतूंभोवती शरीराच्या दुरुस्ती करणाऱ्या पेशी गोळा होतात, आणि आमचा माग त्या पेशींना जाऊन चिकटत होता. जुनी इजा काजळीसारखी काळपट, ताजी इजा पिवळीधमक. गाल विसरला होता, तंतू विसरले नव्हते.

आम्ही दोघं त्या दिवशी वेड्यासारखे नाचलो. रस्ता दाखवणारा रंग बनवायला गेलो आणि त्या रस्त्यावर काय काय घडलं, तेही तो सांगू लागला होता!

माणसाला मिशा असल्या तरी त्या नुसत्या केसांच्या. पण गालाला आणि वरच्या ओठाला जी नस उंदरात आहे, तीच आपल्यात आहे. चेहऱ्याच्या नसेची जीवघेणी कळ येणाऱ्या रोग्यांना याचा उपयोग होईल म्हणून वर्षभराने माणसांवर चाचणीची परवानगी मिळाली. बातमी फुटल्यावर आणखी कोण कोण चौकशा करू लागलं ते विचारू नका. एका वधूवर मंडळाने तर स्थळांचे गाल तपासून मिळतील का, असं विचारलं. इरफान त्यावर हसला नाही. "लोकांनी नसांचा नकाशा काढायला होकार दिलाय, मॅडम. आयुष्य उघडं करायला नाही," तो म्हणाला. मी हसले होते.

*

चाचणीला निरोगी माणसं हवी होती. गालात सुई टोचून घ्यायला कोण येणार? मी घरच्यांनाच धरलं.

पहिला नकाशा मी माझा काढला. आरशासारखा लख्ख निघाला. तो मोठा छापून मी भिंतीवर लावला आणि खाली लिहिलं, 'निरोगी गाल – नमुना'. पुढचे सगळे नकाशे त्याच्याशी ताडून बघायचे ठरलं.

मग आप्पा आले. माझे वडील, प्रभाकर मगदूम, शाळेत मास्तर होते. अख्ख्या सांगलीत छडी न वापरणारे मास्तर म्हणून त्यांचं नाव. अजूनही रस्त्यात जुने विद्यार्थी पाया पडतात. पांढरा सदरा, खिशाला पेन, बोलणं साखरेसारखं. टोप घालताना परिचारिकेला म्हणाले, "बाळ, तुला त्रास नको हं, मी हलणार नाही." त्यांचा नकाशा माझ्यासारखाच स्वच्छ. "आप्पा, तुमच्या गालावर जन्मात कुणी टिचकी मारलेली दिसत नाही," मी म्हटलं. ते प्रसन्न हसले.

माझा भाऊ सुहास तेवढा आला नाही. तो माझ्याहून मोठा. हुबळीला रेल्वेच्या कारखान्यात चांगली नोकरी होती, ती सोडून आला आणि तेव्हापासून आईवडिलांच्या घरी बसून लोकांचे बिघडलेले ड्रोन दुरुस्त करत असतो. तुटक बोलणार, आप्पांशी तर अजिबात बोलणार नाही, आणि जरा काही झालं की आवाज चढवणार. "मला नको असलं काही," एवढंच म्हणाला आणि फोन ठेवला. मला त्याचा राग आला. यायचा तसा नेहमीच.

आई सगळ्यांत शेवटी आली. नवी साडी नेसून. "उंदरांच्यात माझा नंबर लावलास व्हय?" म्हणत ती खुर्चीत बसली.

पडदा उजळला.

एका गालाच्या जागी काळपट पट्टे होते. वरपासून ओठापर्यंत तिरपे, एकाशेजारी एक असे चार. त्यांवर पुन्हा चार. थरावर थर. आणि त्या काजळीच्या मधोमध, ओठाच्या कोपऱ्याशी, पिवळा ठिपका. ताजा.

मी माझा पंजा पडद्यासमोर धरला. बोटं त्या पट्ट्यांवर बरोबर बसली.

आई बाहेरच्या खोलीत चहा पीत होती. मी तिच्यासमोर बसले. सरळच विचारलं, "आई, तुला कुणी मारतं?"

तिच्या हातातला कप थांबला. तिने नाही म्हटलं नाही. तिने विचारलं, "कुणी सांगितलं?"

माझी आई! माझ्यावर डाफरणारी, भाजीवाल्याला भंडावून सोडणारी, उभ्या कॉलनीला पुरून उरणारी आई!

"कोण?"

तिने चहा संपवला, कप बशीत नीट ठेवला आणि उठली. "मला घरी सोड. सुहास वाट बघत असंल," ती म्हणाली. मी कितीही विचारलं तरी पुढे अवाक्षर नाही.

*

तिला रिक्षात बसवून मी परत पडद्यापुढे बसले आणि स्वतःला बजावलं, केतकी, तू शास्त्रज्ञ आहेस, डोकं चालव. मेंदूत बाजू बदलते, तो हिशेब मी डोळे मिटूनही करते. पट्टे पडद्याच्या उजव्या बाजूच्या गालावर होते. म्हणजे उजवा गाल. समोरासमोर उभं राहून उजव्या गालावर चपराक मारायची तर ती डाव्या हाताने बसते.

आमच्या घरात डावखुरा एकच. सुहास.

संध्याकाळी मी सांगलीला, विश्रामबागेत आईवडिलांच्या घरी पोचले तेव्हा आप्पा कुंड्यांना पाणी घालत होते. सुहास टेबलावर ड्रोनचे पंखे सोडवत बसला होता, डाव्या हातात पेचकस. तो हात बघूनच माझं माथं भडकलं.

"लाज नाही वाटत? आईवर हात उचलतोस?"

त्याने पेचकस खाली ठेवला. चेहरा पांढराफटक पडला. त्याने माझ्याकडे बघितलंच नाही, आईकडे बघितलं. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने मान अगदी किंचित हलवली, नको म्हणून. मला वाटलं, बिचारी घाबरलीय त्याला.

"बोल की! आता का दातखीळ बसली?"

"केतू, तू काय बघितलंस?" त्याने हळूच विचारलं.

"सगळं बघितलं. तिच्या उजव्या गालावर तुझी चार बोटं आहेत. वर्षानुवर्षांची."

"उजव्या?" तो म्हणाला. आणि मग त्याने पुन्हा आईकडे बघितलं.

आप्पा हात पुसत आत आले. "बाळ, घरातली गोष्ट घरातच राहू दे. मी समजावतो त्याला. पोरगा आहे, चुकला असंल." किती शांत माणूस, मला वाटलं. माझे तर डोळे भरून आले.

"समजवायचं काही नाही, आप्पा. हा या घरात राहणार नाही. नाहीतर मी आत्ता पोलिसांत जाते."

सुहासने बॅग भरली. फाटकापाशी तो थांबला आणि म्हणाला, "मी जातो. पण आईला तुझ्याकडं घेऊन जा. आजच."

"मारून वर मलाच शिकवतोस? आई तिच्या हक्काच्या घरात राहील. जायचं ते तू जा."

बिनचालकाची रिक्षा त्याला घेऊन स्टेशनाकडे गेली. आई दारातून हलली नाही. रिक्षा वळली तरी ती तिकडेच बघत होती. मी तिला जवळ घेतलं, म्हटलं, "सुटलीस बघ." तिचं अंग लाकडासारखं ताठ होतं.

मी निर्धास्त मनाने घरी गेले. देवा, मी त्या दिवशी निर्धास्त झोपले.

*

पुढच्या आठवड्यात इरफान माणसांच्या नकाशांचा संग्रह जुळवत होता. बोलताना सहज म्हणाला, "आईंचा डावा गाल फारच दुखावलेला आहे, मॅडम. मला वाईट वाटलं."

"उजवा," मी म्हटलं.

"डावा."

"अरे, पडद्यावर उजवीकडे आहे. मला दिसत नाही का?"

तो घुटमळला. मग अगदी हळू म्हणाला, "मॅडम, उंदराला आपण पाठीवरून बघतो. त्याचा उजवा तो आपला उजवा. माणसाला समोरून बघायचं, असं आपण चाचणीच्या वेळी ठरवलं होतं. नवा नकाशा तसाच मांडलाय. पडद्यावरचा उजवा म्हणजे माणसाचा डावा."

ठरवलं होतं. मीच ठरवलं होतं. बैठकीत मीच म्हटलं होतं की डॉक्टरांना समोरून बघायची सवय असते, त्यांच्या सोयीने मांडू. पण माझी स्वतःची सवय? इतकी वर्षं मी उंदरांच्या पाठीवर ओणवी झालेली. माझ्या आईच्या चेहऱ्याकडेही मी तिच्या पाठीमागून बघितलं होतं.

डावा गाल. म्हणजे उजवा हात.

माझी नजर भिंतीकडे गेली. माझा नकाशा, लख्ख. टेबलावर आप्पांचा नकाशा, लख्ख. सांगून ठेवलेला नियम कानात वाजू लागला. चौथ्या पिंजऱ्यापाशी मी तो दहा विद्यार्थ्यांना शिकवला होता. ज्याच्या मिशा शाबूत... आमच्या पिंजऱ्यात तपासलेल्यांपैकी शाबूत मिशांचे दोघंच होते. आणि त्यातली एक मी.

मी आईला फोन लावला. आप्पांनी उचलला.

"ती झोपलीय, बाळ," ते गोड आवाजात म्हणाले. भर दुपारी. माझी आई दुपारी कधी झोपत नाही.

*

मिरज ते विश्रामबाग हे अंतर ते काय! पण त्या रिक्षाला नियमापेक्षा जास्त वेग येत नाही, आणि ओरडायला पुढे चालकही नसतो. मी नुसती हात चोळत बसले. सुहास नोकरी सोडून का आला होता? रात्रंदिवस घरातच का बसून असायचा? आप्पांशी का बोलत नव्हता? सगळ्याचं उत्तर एकच होतं, आणि त्या उत्तराला मी स्वतः फाटकाबाहेर काढलं होतं.

आप्पा बाहेरच्या खोलीत पेरू चिरत होते. मीठ, तिखट, सगळं बशीत मांडलेलं. "ये बाळ. खातीस काय?"

मी आत गेले. आई ओट्याकडे तोंड करून कणीक मळत होती.

"आई, वळ."

"हात पिठाचे आहेत गं."

"वळ म्हटलं ना!"

ती वळली. डावा गाल सुजून डोळ्यापर्यंत आला होता. ओठ फाटलेला. टोपाची गरज नव्हती. रंगाची गरज नव्हती. कुठल्याही आंधळ्याला दिसलं असतं, आणि मी दिसत असून इतकी वर्षं... मला रडूच कोसळलं. मी तिथेच फरशीवर बसले.

"सुहास मधी पडायचा," आई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, ते जास्त वाईट होतं. "तो आल्यापासून कमी झालं होतं. आता तू त्याला घालवलंस. मग मी कुणाच्या मागं उभी राहू?"

"मला का नाही सांगितलंस? त्या दिवशी तरी? दादाला मी चोरासारखं हाकललं, तेव्हा तरी!"

"तुझा बाप तुला लई आवडायचा," ती म्हणाली. "तेवढं तरी तुझं राहू दे म्हटलं."

दारात आप्पा येऊन उभे होते. हातात पेरूची बशी. चेहऱ्यावर तेच साखरेसारखं हसू, फक्त आता ते मला दिसत होतं. "काय चाललंय हे? बाळ, तू शिकलेली आहेस, तूच सांग. मी तुझ्यावर कधी हात उचलला? एकदा तरी? विचार हिला."

ते खरं होतं. एकदाही नाही. आणि ते अभिमानाने विचारत होते.

आईने हाताचं पीठ पदराला पुसलं. त्यांच्याकडे न बघता ती माझ्याकडे बघून म्हणाली, "तुझ्या वाटणीचं सुहासनं आणि मी खाल्लं. तो लहान होता, तरी पुढं येऊन उभा राहायचा."

मी उठले. तिचा हात धरला, पिठासकट, आणि आप्पांच्या बाजूने तिला बाहेर घेऊन आले. बशी त्यांच्या हातातच राहिली. त्यांनी अडवलं नाही. माझा आवाज ऐकून फाटकाबाहेर शेजारी जमले होते ना.

*

सुहासला फोन करायला मला फार धीर करावा लागला. मी माफी मागायची वाक्यं जुळवून ठेवली होती, त्यातलं एकही बोलता आलं नाही. त्याने एवढंच विचारलं, "आई कुठाय?"

"माझ्याकडं."

"तिथंच राहणार?"

"तिथंच."

मग तो म्हणाला, "मग झालं तर."

पोलिसांत तक्रार झाली. नकाशा पुरावा म्हणून धरायचा की नाही यावर वकील भांडतायत. आप्पा लोकांना सांगतात की पोरीने उंदरांचं औषध टोचून आईचं डोकं फिरवलं, आणि जुने विद्यार्थी अजून त्यांच्या पाया पडतात. आई माझ्या फ्लॅटमध्ये आहे आणि माझ्या स्वयंपाकाला रोज नावं ठेवते.

काल सुहास आपणहून प्रयोगशाळेत आला. "वकील म्हणतात, माझाही काढा," म्हणाला. खुर्चीत बसला, टोप घातला. सुई टोचताना तो हलला नाही. या वेळी मी पडद्यामागे गेले नाही. त्याच्या समोर, तोंडासमोर उभी राहिले आणि तिथून बघितलं. डाव्या गालावर काजळी होतीच. पण सगळ्यांत जुने, सगळ्यांत काळे पट्टे खूप छोट्या गालावर पडलेले असावेत. गाल वाढला तसे ते पसरत गेले होते. मी तेव्हा पाळण्यात असेन. किंवा नुकती चालायला लागले असेन.

टोप काढल्यावर तो उठला आणि खोलीत इकडेतिकडे बघू लागला. भिंतीवरच्या मोठ्या नकाशापाशी थांबला. खालची ओळ वाचली. ती काढून टाकायचं मला सुचलंच नव्हतं.

"हा कुणाचा?"

"माझा," मी म्हटलं. मान खाली गेली माझी.

तो जवळ गेला. त्याने डाव्या हाताचं बोट त्या कोऱ्या गालावरून, वरपासून ओठापर्यंत, सावकाश फिरवलं. कुठे डाग राहिला नाही ना, हे बघावं तसं.

"छान निघालाय गं," तो म्हणाला. त्यात टोमण्याचा लवलेश नव्हता. तो खरोखरच खूश झाला होता.